चाकांपुढची पोती

"वहिनी, गाडी रुतली की चाक फिरवत बसायचं नाही. फिरवाल तितकी खाली जाईल. पोती काढायची, चाकांपुढे दाबून घालायची, मग दांडा हळूच पुढे. आणि चिखलातून आलेली गाडी तशीच ठेवायची नाही. वाळलेला चिखल साखळी खातो."

चिंचपोकळीच्या रघुवीर मिस्त्रीचे हे शब्द बकुळाला स्तोत्रासारखे पाठ झाले होते. सकाळची पूजा आटोपली की ती पदर खोचून गाडीपाशी बसे. काडीने चाकांतला चिखल उकरायचा, रॉकेलने साखळी धुवायची, बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावायचं. मोटारीच्या पेटीला मात्र पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. तिथे कोरडं फडकंच.

गाडी म्हणजे खरी तर खुर्ची. रघुवीरने लॉरीची जुनी बॅटरी आणि मोटर जोडून ती चालती केली होती. तिचा नवरा दत्ताराम डावखुरा, म्हणून चालवायचा दांडा डाव्या हाताला. पोत्यांची गुंडाळी मागच्या बाजूला, बॅटरीच्या पेटीखाली बांधलेली. बसल्या माणसाचा हात तिथवर पोचत नसे. म्हणून पावसाळ्यात बरोबर कुणीतरी हवंच, असं रघुवीरने बजावलं होतं.

दत्ताराम गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, विणकर होता. छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणून लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, आणि एक गोळी त्याच्या कमरेत शिरली. पाय लुळे पडले. शिरा दुखावल्यात, सुधारल्या तर सुधारतील, एवढंच डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी बकुळाने भोईवाड्याच्या देवीला नवस बोलला होता. हे स्वतःच्या पायांवर उभे राहिले की घरापासून अनवाणी येईन, पाच नारळांचं तोरण बांधीन. तोवर अळणी जेवीन.

त्याला दीड वर्ष झालं. दर सोमवारी ती देवळात जाई आणि काही न मागता परत येई. एकदा मागितलं ते मागितलं. देवाला पुन्हापुन्हा काय टोचायचं?

चाळीने मिळून ही गाडी करवून घेतली होती. समितीने निवडणूक जिंकली तरी मुंबई मिळायची होती, सभा चालूच होत्या. प्रत्येक सभेत दत्तारामला गाडीसकट व्यासपीठावर चढवत. महाराष्ट्रासाठी पाय दिलेला माणूस, असं सांगत. बाया वाकून नमस्कार करत. सुरुवातीला त्याला भरून येई. अलीकडे सभेहून आला की तो भिंतीकडे तोंड करून निजे.

काल सोमवार. बकुळा देवळात गेली होती आणि तो एकटाच मैदानावर मंडप बघायला गेला. दिवेलागणीला परतला तेव्हा गाडी चाकांच्या आसापर्यंत चिखलाने माखलेली होती.

"रुतली होती?" तिने विचारलं.

"रुतली होती. मैदानात चिटपाखरू नव्हतं." मग थोडं थांबून तो म्हणाला, "नंतर एक गिरणीवाला आला. त्याने पोती घातली."

ती रोजच्यासारखं तांब्याभर ऊन पाणी घेऊन त्याचे पाय पुसायला बसली. पुसले मीच, राहू दे, असं म्हणत त्याने पायांवर कांबळं ओढून घेतलं.

आज सकाळी ती गाडी धुवायला बसली. चाकं झाली, साखळी झाली. मग ती मागच्या बाजूला आली. पोती चिखलाने थबथबलेली होती, पण नीट गुंडाळून जागेवर बांधली होती. ती स्वतः बांधायची ती सैल सरकगाठ. ही गाठ चपटी होती, चिमटीत मावेल एवढी. साच्यावर तुटलेला धागा जोडावा तशी. आणि तिचं शेपूट उलट्या अंगाला, डाव्या हाताने ओढल्यासारखं, वळलेलं होतं.

बकुळाचा हात गाठीवर टेकून राहिला.

"काय गो," शेजारची कमळाबाई पाण्याची कळशी घेऊन जाता जाता थांबली, "घोवापेक्षा गाडयेकच जास्त न्हाणयतस."

बकुळा हसली. पोती मात्र तिने धुतली नाहीत, सोडलीही नाहीत.

दुपारी जेवताना तिने विचारलं, आजच्या सभेला नाही गेलात तर नाही का चालणार?

दत्तारामने घास ताटात ठेवला. "चाळीने गाडी केली माझ्यासाठी. आता हिच्यातून उतरायचं म्हणजे कुणाला काय सांगायचं?"

आपल्या ताटातला अळणी भात तिने संपवला.

चारच्या सुमारास समितीची माणसं दत्तारामला न्यायला आली आणि चाळीच्या दाराशी बोलत उभी राहिली. सकाळभर पाऊस होता. रस्त्यावर घोट्याएवढा चिखल होता. बकुळाने देवापुढे निरांजन लावलं. फळीवरून परडी काढली, खणाची घडी तिच्यात ठेवली, वरून पदर घातला.

"कुठे निघालीस?" दत्तारामने विचारलं. "आज सोमवार नाही."

"भोईवाड्याला."

"मग परत येताना माझ्याबरोबर कोण? गाडी रुतली तर?"

"पोती मागेच आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "गाठ तुमचीच आहे. मी सोडली नाही."

दत्तारामचा डावा हात दांड्यावर होता, तिथेच राहिला.

ती वाकली. पदराखालचं पाच नारळांचं तोरण परडीत नीट सारलं, चपला उंबऱ्याच्या आतच ठेवल्या, आणि अनवाणी चिखलात उतरली.