गुडघ्याखाली चार बोटं

“गुडघ्याखाली पाय काढावा लागेल,” डॉक्टर म्हणाले. “उद्या सकाळीच. विष वर चढतंय.”

श्रुतिकाने मान हलवली. महाडच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात ती एकटीच उभी होती. आत खाटेवर तिचे आजोबा महिपत उशीला टेकून बसले होते. नाचणीच्या शेतात पायात काटा मोडला होता. शुगरमुळे दुखलंच नाही, म्हणून पंधरा दिवस कोणी पाहिलंही नाही.

“आबांना सांगितलंत?” तिनं विचारलं.

“दोनदा. अँप्युटेशन म्हटलं, तर हो हो म्हणाले. नंतर सिस्टरला विचारत होते, घरी कधी सोडणार. सही त्यांचीच लागेल, आणि समजून करायला हवी. मला आत्ताच कळलं पाहिजे, भुलेच्या डॉक्टरांना बोलवायचंय. घरातलं मोठं कोणी आहे?”

“वडील मुंबईहून निघालेत. वीर स्टेशनला उतरेपर्यंत रात्र होईल.” ती थांबली. “मी सांगते. मला मेडिकलला प्रवेश मिळालाय. सोमवारी हजर व्हायचंय.”

डॉक्टर संमतीचा कागद आणायला वळले.

तेवढ्यात वडिलांचा, श्रीपतचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं.

“कापायचं बोलू नको हां त्याला,” श्रीपत म्हणाला. “सही नाय करणार तो. उठून घरी चालायला लागेल. पू काढणार, छोटं ऑपरेशन हाय, एवढंच बोल.”

“आणि शुद्धीवर आल्यावर?”

“तेव्हा मी असेन ना,” तो म्हणाला.

खोटं सांगितलं तर आबा लगेच सही करतील, हे तिला ठाऊक होतं. खरं सांगितलं तर कदाचित नाही करणार. सही नाही झाली तर चार-आठ दिवसांत काय होईल, तेही डॉक्टरांनी सांगून झालं होतं.

ती आत गेली. मागोमाग कागद घेऊन डॉक्टर.

“बस गो,” महिपत म्हणाले आणि पट्टी बांधलेला पाय जरा आवरून त्यांनी तिला जागा केली.

खाटेवर बसल्यावर ती डोंगरावरच्या त्यांच्या वाडीच्या बोलीत बोलू लागली. “आबा, पाय बरा होनार नाय.”

“मग?”

“कापायला लागंल. उद्या सकाली.”

शेजारच्या खाटेपाशी डबा उघडणारी बाई तशीच थांबली.

“बोट?”

“नाय. पाय.”

“कुठून?”

तिनं चादर बाजूला केली आणि गुडघ्याखाली चार बोटं सोडून हात आडवा ठेवला. “हितून.”

महिपत त्या हाताकडे बघत राहिले. मग तिचं मनगट धरून त्यांनी तो हळूहळू खाली सरकवला, घोट्याच्या वर, पट्टी सुरू होत होती तिथवर. “हितून नाय चालनार? येवढा राहिला तरी काठी घेऊन वाडी चढंन मी.”

डॉक्टर बोलायला पुढे झाले. त्यांच्याआधी श्रुतिकाच म्हणाली, “तिथलं मांस मेलंय, आबा. टाका धरायचा नाय. पुन्ना कापायला लागंल.” आणि तिनं हात परत वर नेला.

“आन् नाय कापला तर?”

“तर तू ऱ्हायचा नायस.”

महिपतांनी पायाकडे पाहिलं. बोटं हलवायचा प्रयत्न केला असावा. पट्टीतून काही दिसलं नाही.

“वाडीवर कसा जानार मग?”

“ठाव नाय. खोटा पाय बसवतात. सगल्यांना जमतो असं नाय.”

डॉक्टरांनी भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि ते बसले.

“बाप काय बोलला तुजा?” महिपतांनी विचारलं.

“पू काढनार म्हनून सांग, बोलला.”

महिपत जरासे हसले. “लहानपनापास्नं तसाच हाय तो.” मग त्यांनी डॉक्टरांपुढे हात केला. “आना कागद.”

सहीला वेळ लागला. पेन दोनदा अडलं. डॉक्टरांनी घाई केली नाही.

कागद परत देऊन महिपतांनी नातीकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. हात मात्र अजून त्यांच्या नडगीवर होता, आणि दाबून धरल्यानं बोटं पांढरी पडली होती.

“जा, भायेर जाऊन रडून ये गो,” ते म्हणाले. “मी कुठं जातोय.”