मुज्तबाची किताब

तबक रिकामं झालं आणि मुज्तबा रांगेत उभाच होता.

समीक्षानं तबकाखाली पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. पट्टा नव्हता. सापडणार कुठून? तो तिनं केलाच नव्हता. तिसरीची वर्गशिक्षिका म्हणून वर्गातल्या बाकी सगळ्या लेकरांचे साटिनचे पट्टे तिनं स्वतः कापले होते, त्यांवर सोनेरी अक्षरं चिकटवली होती. गोड गळा. पळण्यात पटाईत. डबा संपवणारी शूर मुलगी. औशाची ही शाळा लहानशी, पण तिची वर्षाअखेरीची रीत मोठी होती. समारंभातून कुणी रिकाम्या हातानं घरी जायचं नाही, प्रत्येकाला एक किताब. आणि मुज्तबा तिला आठवलाच नव्हता.

आठवावा असं त्यानं तरी काय केलं होतं? रडणारी पोरं लक्षात राहतात, भांडणारी राहतात, पहिली येणारी राहतात, आणि ढ तर जन्मभर राहतात. मुज्तबा यातला कुणीच नव्हता. भिंतीकडेच्या बाकावर बसायचा, गृहपाठ करायचा, हजेरीला हात वर करायचा. बाईंना काम न लावणारं लेकरू म्हणजे बाईंचं भाग्यच. त्या भाग्याची आता समीक्षाला लाज वाटत होती.

"मॅडम, आवरा," मुख्याध्यापक श्रीशैल सर मागून पुटपुटले. "पाहुण्यांना लातूरला जायचंय."

तिनं वेळ मारून नेली. माईक तोंडाशी धरला आणि म्हणाली, "आणि आता शेवटचा, खास किताब! शाळेतला सर्वांत शांत विद्यार्थी, मुज्तबा!" स्वतःच्या पदरावरचा 'संयोजक' लिहिलेला बिल्ला काढून तिनं त्याच्या खिशाला लावला. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. निभावलं एकदाचं, असं तिला वाटलं.

पण मुज्तबा हलेना. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि तसाच उभा राहिला.

"मॅडम, माझी किताब?"

मांडवात हशा पिकला. समीक्षाही हसली, आणि हसता हसताच तिला कळलं. 'माझा' नाही, 'माझी'. त्याच्या घरी किताब म्हणजे पुस्तक. महिनाभर ती वर्गात सांगत आली होती, प्रत्येकाला किताब मिळणार, आणि महिनाभर हे पोर पुस्तकाची वाट बघत होतं. बाकीच्यांना पट्टे मिळाले तेव्हा त्याला वाटलं असेल, आपल्याला पट्टा नाही म्हणजे पुस्तक आपलंच. शब्द एकच, पण कुणाला त्यातून काय कळलं हे समजायला माणसांना एकमेकांशी बोलावं लागतं. आपण ह्याच्याशी शेवटचं कधी बोललो, हे तिला आठवेना. शेवटचं कशाला, पहिलं तरी कधी?

कार्यक्रम संपला. पोरं चिवड्याच्या पुड्या फोडत मांडवाबाहेर पळाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मुज्तबाचा हात धरून त्याची आई बेगमबी आपल्याकडंच येतेय हे पाहून समीक्षा रिकामं तबक आवरू लागली. तिनं मनाशी ठरवलं, सांगून टाकायचं. पट्टा विसरले, तुमचं लेकरूच विसरले, माफ करा. आज नाही सांगितलं तर उद्यापासून सुट्टी, आणि सुट्टीनंतर पोरगा चौथीत, दुसऱ्या बाईंकडं.

"भाभी, माझं चुकलं," तिनं सुरुवात केली. "मुज्तबाचा..."

"चुकलंच की मॅडम!" बेगमबी हसत होती. "ह्याला शांत म्हणलात तुम्ही? घरी ह्याचं तोंड बंद होत न्हाई. आन् सगळं तुमचंच. आज मॅडम माझ्याजवळ बसल्या, आज मॅडमनं मला हे इचारलं, मी ते सांगितलं, मॅडम लई हसल्या. रोजचंच हाय. ह्याचे अब्बा म्हणतेत, एवढ्या पोरांतून मॅडम आपल्याच पोराशी इतकं बोलतेत, पोरानं नशीब काढलं. किताबीचं काय घेऊन बसलात! तुमचे लई उपकार हायेत."

 समीक्षानं मुज्तबाकडं पाहिलं. तो मान खाली घालून बिल्ल्याशी चाळा करत होता. कान लाल झाले होते. आता माफी मागावी, तर पोरगा आईपुढं खोटा पडत होता. तिनं माफी गिळली.

"हाव भाभी," ती म्हणाली. "लई बोलतो." स्वतःचा आवाज तिला परक्याचा वाटला.

बेगमबी खुशीत श्रीशैल सरांना भेटायला गेली. समीक्षा व्यासपीठाच्या पायरीवर बसली, मुज्तबालाही तिनं शेजारी बसवलं. काहीतरी बोलायला हवं होतं. पण काय? हा राहतो कुठं, खेळतो काय, ह्याला भावंडं किती? सगळ्या वर्गात ह्या एका लेकराबद्दल तिला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. तिचे डोळे भरून आले. 

मुज्तबानं मान वर केली. आई लांब आहे याची खात्री करून घेतली. मग मॅडमच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाला,

"बकरीचं इचारा मॅडम. तुम्ही रोज तेच इचारता."