गरब्याच्या मैदानावरचं दुकान

"मालकीणबाई जेवायला गेल्यात," मानसिंगरावांनी टाइप केलं. "तोवर मी दाखवतो. लाल देऊ की मोरपंखी?"

समोरच्या मुलीनं मोरपंखी चणिया-चोळी घेतली, तिथंच अंगात घातली आणि गिरकी घेऊन मैदानाकडे गेली. ती मुलगी म्हणजे पडद्यावरची एक बाहुली होती. चणिया-चोळीही पडद्यावरचीच. पैसे मात्र कुणाच्या तरी खऱ्याखुऱ्या खात्यातून गेले.

संगणकातल्या त्या नगरात बारा महिने गरबा चालायचा. देशोदेशीचे लोक घरबसल्या आपापली बाहुली नाचवायचे आणि तिच्या कपड्यांवर हौसेनं खर्च करायचे. मैदानाच्या तोंडाशीच 'झणकार' नावाचं दुकान होतं.

इरानं ते काढलं तेव्हा पहिल्यांदा बाबांनाच दाखवलं होतं. जांभळ्या ओढणीतली बाहुली गल्ल्यावर उभी करून म्हणाली होती, "बाबा, ही मी."

मानसिंगरावांचा जन्म मकरपुऱ्याच्या कारखान्यात यंत्रांच्या घरघरीत गेला होता. ते म्हणाले, "बाहुल्यांना कपडे नेसवायला तुला इंजिनियर केलं का?"

त्या संक्रांतीपासून बोलणं तुटलं. इराची आई, सुनेत्राबाई, असत्या तर दोघांना एका ताटात जेवायला बसवून त्यांनी भांडण मिटवलं असतं. त्या जाऊन चार वर्षं झाली होती. नागरवाड्यातल्या त्या घरात आता दोन खोल्यांची दोन दारं लावलेली असत.

आषाढात मानसिंगराव निवृत्त झाले. रिकाम्या घरात बंद दाराकडे बघवेना. माफी मागायला जीभ रेटेना. शेवटी त्यांनी शिकत-शिकत त्या नगरात प्रवेश केला, दिग्विजय नावाचा फेटेवाला तरुण झाले आणि 'झणकार'मध्ये जाऊन काम मागितलं.

जांभळ्या ओढणीनं लिहिलं, "पगार फारसा देता येणार नाही."

"चलेगा," मानसिंगरावांनी लिहिलं आणि ते खुर्चीत एकटेच हसले.

बोलणं सगळं लिहूनच चाले, तेही हिंदीत. त्यामुळे बाबांचे तिथं पप्पा झाले, याचं मानसिंगरावांना नवल वाटलं नाही.

"दिग्विजयभाई, तुमचे पप्पा तुमच्याशी बोलतात?" गिऱ्हाईक नसलं की मालकीण विचारी. "माझे नाही बोलत. जेवलीस का, एवढंही विचारत नाहीत."

त्या संध्याकाळी मानसिंगरावांनी बंद दारावर टकटक केली. "इरा, जेवलीस का?"

दार उघडलं. इरानं कानांवरचे हेडफोन उतरवले. मग म्हणाली, "नाही. तुम्ही?"

त्या दिवसापासून दोघं एकत्र जेवू लागली. एकदा मालकिणीनं ताप असल्याचं लिहिलं, तेव्हा मानसिंगराव गोळी आणि गरम पाणी घेऊन गेले. इराचं कपाळ गार होतं. आपल्यापासून लपवतेय, असं त्यांना वाटलं. तिनं गोळी हातात घेतली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला बरं आहे ना?"

दुकानाचा विषय मात्र दोघंही काढत नसत. ती काढत नाही, तोवर आपण काढू नये, असं मानसिंगरावांनी ठरवलं होतं. सोंग उघडं पडलं तर हा नव्यानं जुळलेला धागाही तुटेल, ही धास्ती होती.

नवरात्र तोंडावर आलं आणि दुकानाचे ग्रह फिरले. कुणीतरी 'झणकार'ची नक्षी उचलून शेजारीच निम्म्या भावात विकायला मांडली. वर नक्षी चोरल्याची तक्रारही 'झणकार'विरुद्धच केली. नगर चालवणाऱ्या कंपनीनं चौकशी होईपर्यंत दुकानाची सगळी कमाई अडकवून ठेवली.

"हे दुकान हाती घेतलं तेव्हा घरात कुणाला सांगितलं नव्हतं," मालकिणीनं लिहिलं. "माझ्या लग्नासाठी ठेवलेलं सगळं यात घातलंय."

मानसिंगरावांनी खुर्ची पुढे ओढली. "पप्पांना सांगून टाका," त्यांनी लिहिलं. "ते रागावणार नाहीत."

"तुम्ही ओळखत नाही त्यांना."

'ओळखतो' असं लिहून त्यांनी पुसून टाकलं. ताटावर इराला विचारलं, "काही अडचण नाही ना तुला?" ती "नाही हो" म्हणाली आणि हसली. किती सहज खोटं बोलते पोरगी, या विचारानं त्यांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात आले तर भिंती उघड्या होत्या. एकही चणिया-चोळी नव्हती. जांभळी ओढणी मधोमध उभी होती.

"कंपनीनं दुकान कायमचं काढून घेतलं, दिग्विजयभाई. पप्पांना तोंड दाखवायची हिंमत नाही माझ्यात. त्यांना कळेल तेव्हा मी नसेन. एवढ्या दिवसांत तुम्ही एकट्यानंच माझी विचारपूस केलीत."

"थांब!" मानसिंगरावांनी लिहिलं. "मी दिग्विजय नाही. मी—"

बाहुली विरून गेली.

खुर्ची उलथवून ते धावले. इराचं दार वाजवलं, हाका मारल्या. आतून उत्तर नाही. त्यांनी खांद्यानं धक्का दिला, तशी कडी निखळली.

इरा कानांवर हेडफोन लावून टेबलाशी बसली होती. दचकून उठली. मानसिंगरावांनी तिला छातीशी घट्ट धरलं आणि लहान मुलासारखे रडू लागले.

"जाऊ दे ते दुकान. तू आहेस ना, बस. मी एका शब्दानं बोलणार नाही."

"कुठलं दुकान, बाबा?"

"झणकार. सगळं माहीत आहे मला. दिग्विजय मीच."

"कोण दिग्विजय?" इरानं त्यांचे डोळे पुसले. "बाबा, झणकार मी उन्हाळ्यातच विकलं. पाटीसकट, त्या बाहुलीसकट. आता एका कंपनीचं काम करते. तेव्हा आपण बोलत नव्हतो, म्हणून सांगायचं राहिलं."

मानसिंगरावांनी तिचे खांदे धरले.

"कुणाला विकलंस? नाव सांग. गाव सांग. लवकर, इरा!"

"मला कसं ठाऊक असणार?" ती म्हणाली. "तिथं खरं नाव कोण सांगतं, बाबा?"