उरलेलं पाणी

पर्यावरण उपक्रमाचा नियम मीच घालून दिला होता: शाळा सुटताना बाटलीत उरलेलं पाणी आपापल्या रोपाला घालायचं, घोटभरही वाया घालवायचं नाही. आज पाहणीला पाहुणे येणार आणि रोपं जळाल्यासारखी काळी पडलेली. माझं डोकंच फिरलं. "कामचुकार कुठले! पाणी घातलंत तरी का?" "रोज घातलं, बाई," मुलं रडकुंडीला आली. एकच रोप हिरवंगार होतं. ते जिचं, तिला मी पुढे उभं केलं. "हिच्याकडून शिका जरा! तू काय घालतेस गं?" "बाटलीतलंच पाणी, बाई. पण मी बाटली घरून भरून आणते. आई शाळेतल्या नळाचं पिऊ देत नाही." "आईला काय कळतं त्यातलं?" "ती भिंतीपलीकडच्या कारखान्यात कामाला आहे." एवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी तोंड उघडेपर्यंत रिकाम्या बाटल्या घेऊन मुलं नळावर तुटून पडली.