वळणावरचा फुगवटा

गोधडीच्या मधला गोल काही केल्या सपाट बसेना. वळणावरची शिवण चुकली की कापड फुगतं, म्हणून मी ती उसवली, मशीनचा कापड दाबून धरणारा रुंद फूट काढून अरुंद बसवला आणि कापड हळूहळू फिरवत पुन्हा शिवलं. मशीनवर गोल अगदी गुळगुळीत दिसला. टेबलावर पसरला, तर मधोमध पुन्हा मुठीएवढा फुगवटा.

इस्त्री फिरवली. फुगवटा दबला, आणि इस्त्री उचलताच सावकाश वर आला. गोल उचलून पाहिला, तर खाली नुसतं टेबल. माझं डोकंच चालेना.

शेवटी मोठ्या जाऊबाईंना हाक मारली. मला शिवण त्यांनीच शिकवलेली. त्या चष्मा लावून वाकल्या, फुगवट्यावर तळहात ठेवला आणि नेहमीसारख्या करवादल्या, "शिवण बरोबर आहे गं. आधी खालचा हात काढ, मग बसेल."

"कुठला हात?" मी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले.

त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांचा तळहात मात्र तिथेच होता.

"जाऊबाई, उचला ना."

"उचलतेय," त्या अगदी हळू म्हणाल्या. "सोडत नाहीये."