शेवटचा अंक

"दोन, तीन, शून्य, पाच, आठ..." मास्तर बोलू लागले आणि त्यांच्या बायकोच्या हातातली वाटी तशीच राहिली. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून एक धड शब्द फुटला नव्हता. उजवं अंग लुळं पडलं होतं. भूक लागली तरी नुसतं तिच्याकडे बघत राहायचे, आणि ती बिचारी पाणी पुढे करायची.

हा आकडा तिच्या चांगलाच ओळखीचा होता. एकोणीस अंकी मूळ संख्या. एकसष्ट वेळा दोन घेऊन एकमेकांना गुणायचे आणि त्यातून एक काढून टाकायचा. लग्नाला आठवडा झाला नसेल, तेव्हा मास्तरांनी तिला हे बसवून समजावलं होतं. "एक आणि ती स्वतः, बाकी कुणाच्या बापाला हिला पूर्ण भाग घालता येणार नाही!"

"म्हणजे तुमच्यासारखीच. कुणात मिसळायला नको," ती म्हणाली होती.

तेव्हापासून रोज दाढी करताना हाच जप. शेवटचा 'एक' ठसक्यात यायचा आणि वस्तरा पाण्यात बुडायचा. "डोकं उठवलंय मेल्या आकड्याने," असं तिने कितीदा तरी सुनावलं असेल. आज मात्र ती कानात प्राण आणून ऐकत होती.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी तिला आधीच बजावलं होतं, "काकू, पाठ असलेलं कधीकधी आपसूक बाहेर पडतं. त्यावरून काकांना समजतंय असं धरून चालू नका." मुलगा तर आडपडदा न ठेवता म्हणायचा, "आई, बाबा आता आत नाहीत गं." त्याच्यावर ती डाफरायची. पण एकटी असली की तीच भीती तिला खायची.

"...सहा, नऊ, तीन, नऊ, पाच," मास्तर अडले. कपाळावर घाम आला. "चार."

समोर बसलेल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास काका! केवढा मोठा आकडा!"

तिने वाटी खाली ठेवली. शेवटी चार, म्हणजे दोनाने सरळ भाग जातो. तिचं गणित कच्चं होतं, पण एवढं तिलाही कळत होतं. एक वेळ हा माणूस बायकोचं नाव विसरेल, पण ह्या आकड्याच्या शेवटी चार म्हणेल? मुलाचंच खरं होतं. जन्मभर ज्यांच्या चुका काढल्या, त्यांची ही एक चूक काढणं तिच्या जिवावर आलं.

लहान मुलाला थोपटावं तसं तिने त्यांना थोपटलं. "अगदी बरोबर आलं हो."

मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. "चार!" ते ओरडले. मान नाही-नाही म्हणून जोरात हलली. "चार! चार!" डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आणि तोंड चार-चारच म्हणत असताना त्यांनी डावा हात वर केला आणि तिच्या डोळ्यांसमोर एक बोट ताठ धरलं.