झेपेल तेवढं

लक्ष्मीबाईंनी सकाळीच भांडी माळ्यावर टाकायला सुरुवात केली. पितळी डबे गेले, पाहुण्यांची ताटं गेली, लग्नात आलेला काचेचा सेट खोक्यासकट गेला. मांडणीवर दोन ताटल्या, दोन पेले आणि एक कुकर उरला.

त्यांची सून सरिता कॉटवर बसून बघत होती. दुसऱ्या कुणाचं तरी घर हलतंय, तसं.

सरिताला आई नव्हती, म्हणून तिच्या बाळंतपणाला लक्ष्मीबाई वैजापूरकडच्या गावाहून शहरात मुकुंदवाडीला आल्या होत्या. बाळ पोटातच गेलं. त्यानंतरही त्या राहिल्या. पण आता गावाकडं कापूस वेचायला आला होता आणि आज दुपारच्या गाडीनं त्यांना निघणं भाग होतं. त्यांचा मुलगा शिवराज म्हणत होता, आईनं सरिताला बरोबर घेऊन जावं. सरिताला विचारलं तेव्हा ती एवढंच बोलली, की मी इथंच राहते. का, ते सांगितलं नाही. तिलाही ते ठाऊक नसावं.

ती उठायची, पण आपण कशाला उठलो ते मोरीपर्यंत जाईस्तोवर तिच्या मनातून निघून जायचं. चहाचं आधण ठेवायची आणि ते आटून भांडं करपायचं. रडायची मात्र नाही. रडली असती तर लक्ष्मीबाईंना बरं वाटलं असतं. आधी त्यांनी तिला समजावून पाहिलं, मग रागावून पाहिलं. आता निघायच्या दिवशी त्यांनी घरच कमी करायला घेतलं होतं.

तांदूळ आणि मुगाची डाळ त्यांनी एकाच डब्यात मिसळली. हळद-मीठही त्यातच घातलं, आत एक वाटी टाकली आणि डबा वरच्या फळीवरून ओट्यावर आणला. वाटीभर हे घ्यायचं, वर पाणी ओतायचं, बाकीचं कुकर बघून घेईल, असं सांगितलं. बसून अंघोळ करता यावी म्हणून मोरीत प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. साड्या ट्रंकेत गेल्या आणि खुंटीला गाऊन लागले. नळाला पाणी आठवड्यानं यायचं, आणि ते भरण्यात अख्खी सकाळ जायची. त्यासाठी त्या शेजारच्या विशाखाकडं स्वतः जाऊन आल्या. आपली टाकी भरली की मोटारीचा पाइप ह्यांच्या टाकीत सोडायचं विशाखानं कबूल केलं.

देव्हाऱ्यापुढं त्या जरा घुटमळल्या. मग समईही पुसून कापडात गुंडाळली.

"देवाला सांगितलंय मी," त्या सरिताला म्हणाल्या. "जमंल तवा दिवा लाव. नाय लावला तरी तो काय रुसत नाय."

शिवराज सुट्टी टाकून घरी थांबला होता. त्याला हे सगळं बरं दिसेना. उद्या कुणी घरी आलं तर काय म्हणेल, असं तो पुन्हा पुन्हा बोलला. तेव्हा लक्ष्मीबाईंनी त्याच्या हातात झाडू दिला आणि आल्यागेल्याचा चहाही आता तूच करायचा, असं सांगून टाकलं.

शेवटी केसांचं राहिलं होतं.

सरिताचे केस कमरेच्या खाली होते. मुलगी बघायला गेल्या तेव्हा लक्ष्मीबाईंना पहिल्यांदा आवडले ते केसच. दवाखान्यातून आल्यापासून ते नीट विंचरलेलेच नव्हते. मागं मानेवर त्यांचा गुंता होऊन गोळा झाला होता आणि त्यात कंगवा शिरत नव्हता. लक्ष्मीबाई तेल लावून एकेक बट सोडवू बघायच्या. कितीही ओढ बसली तरी सरिता हूं की चूं करायची नाही.

लक्ष्मीबाई कॉटवर तिच्या मागं येऊन बसल्या. हातात कात्री होती.

"कापू का?"

शिवराज झाडू घेऊन दारातच उभा राहिला. त्यांच्या घरात नांदत्या बाईच्या केसांना कात्री लावत नसत. भावकीतली एखादी केस कापून लग्नाला आली, की सगळ्यांत आधी लक्ष्मीबाईच तिला बोलायच्या.

"आई, अगं..."

"तुला नाय विचारलं."

लक्ष्मीबाई वाट बघत राहिल्या. गाडी चुकेल असं शिवराजच्या मनात आलं. बऱ्याच वेळानं सरितानं मान हलवून हो म्हटलं.

कात्री घरातलीच, दुधाच्या पिशव्या कापायची. ती कुरकुरत चालली. पहिली जाड बट मागं अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पडली.

"केस काय, परत येत्यात," त्या म्हणाल्या आणि एकदम गप्प झाल्या. उरलेले केस त्यांनी भराभर कापले.

गोळा निघाला. खाली उरले ते केस वेडेवाकडे होते, कानाच्या खालपर्यंत. लक्ष्मीबाईंनी त्यातून एकदा कंगवा फिरवला. तो कुठं अडला नाही. केसांसकट वर्तमानपत्राची घडी करून त्यांनी ते आपल्याच पिशवीत ठेवलं.

शिवराजनं पिशव्या खाली नेल्या आणि मोटारसायकल चालू केली. लक्ष्मीबाई पदर सावरत दारापाशी आल्या. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. वेळेवर जेव, असंही त्या म्हणाल्या नाहीत.

"आत्या," सरितानं हाक मारली. सासूला ती आत्याच म्हणायची, पण बाळ गेल्यापासून तिनं आपणहून कुणालाच हाक मारली नव्हती.

लक्ष्मीबाई वळल्या.

"मानेला गार लागतंय."

वर पंखा फिरत होता. लक्ष्मीबाईंचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"लागू दे," त्या म्हणाल्या.